आधी पाला, मग फुलं

९ फेब्रुवारी

धाकटे,

तू गेल्यापासून हे माझं पहिलं पत्र. उशीर झालाय हे मला माहीत आहे, तेव्हा त्यावरून सुरुवात करू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या माहेरी केला तर तुझी आई "ती रोपांच्या नर्सरीत कामाला गेलीय" एवढंच सांगते आणि ठेवून देते. पत्र निदान मध्येच कुणाला ठेवून देता येत नाही.

काम असं आहे. सभागृहाच्या मॅनेजरांनी, म्हणजे आपल्या मोजपट्टींनी, फुलवाल्यांचा तो हिरवा फोम आत आणायला बंदी केलीय. त्याचा चुरा मोरीत अडकतो आणि फेकून दिला तरी कुजत नाही, असं त्यांचं म्हणणं. दारावर नोटीस लागलीय. तू म्हणशील, आपल्याला काय त्याचं, आपण कुठे वापरत होतो? तू असताना नव्हतो. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक खोकं मागवलं. ठोकळा पाण्यात बुडवायचा, फुलदाणीत बसवायचा, त्यात काड्या खुपसायच्या. काही डोकं लागत नाही. मला तर वाटलं, इतकी वर्षं तुझ्या पाल्याचा पसारा मी उगाच सहन केला.

आता फोम नाही आणि तूही नाहीस.

खरं सांगायचं तर तू ते कसं करायचीस हे मी कधी पाहिलंच नाही. तू टेबलाच्या त्या टोकाला बागेतला पाला घेऊन बसायचीस, मी या टोकाला गिऱ्हाइकांशी बोलत असायचे. तुझं झालं की फुलदाणी माझ्याकडे सरकायची. मग मी फूल नुसतं सोडलं तरी ते जिथे हवं तिथे उभं राहायचं. लोक म्हणायचे, काय हात आहे बाईंचा! मीही मान डोलवायचे.

एप्रिलच्या शेवटी सभागृहाची वार्षिक संगीतसभा आहे. स्टेजच्या दोन बाजूंच्या त्या उंच फुलदाण्या त्या दिवशी नीट उभ्या राहिल्या तर पुढचं वर्ष आपलं. नाही तर मोजपट्टी दुसरीकडे बघणार. आपलं निम्मं काम त्यांचंच आहे, ते गेलं तर दुकानाला कुलूप.

घरी सगळे ठीक. भाऊजींना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, खोकला झाला होता, गेला. त्यांच्या ऑफिसातल्या त्या बाईंचं प्रकरण संपलं की चालू आहे ते मी विचारलेलं नाही. त्या विषयावर इथे कुणी बोलत नाही. तू झालं गेलं विसरून घरी यावंस असं सगळ्यांना वाटतं. जावाजावांचं दुकान म्हणून लोक आपल्याला ओळखतात, त्यात एकच जाऊ बसलेली बरी दिसत नाही.

पाला कसा लावायचा ते सविस्तर लिही.

थोरली


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही. "आधी पाला, मग फुलं. फांद्या फुलदाणीच्या गळ्याशी एकमेकींत अडकवा. पाण्याखाली पान राहू देऊ नका, पाणी नासतं. फुलदाणी कलती करून बघा, फांद्या हलल्या नाहीत तरच फूल लावा. परत कधी येतेस ते विचारू नका."

शेवटची ओळ पाल्याबद्दल नव्हती, पण समजली.

सांगितल्याबरहुकूम केलं. बागेतली कामिनी कापून आणली, पाण्याखाली जाणारा भाग चाकूनं छान तासून साफ केला. तुला माहीत आहे मी कामात हयगय करत नाही. फांद्या रचल्या, वर ग्लॅडिओलस आणि लिली लावल्या. दुकानात उभं राहिलं. सभागृहात नेऊन ठेवलं, तोवरही उभं होतं. मग कुणीतरी पियानो सरकवला आणि माझी सगळी फुलं एका बाजूला कलली. खिडकीबाहेर काही भांडण चाललंय आणि सगळ्यांनाच ते बघायचंय, अशी. मी पुन्हा सरळ केली, ती पुन्हा कलली. मग दुसऱ्या बाजूची फुलदाणीही तिच्याकडे बघून तेच करायला लागली.

मोजपट्टी आले. खिशातून टेप काढला आणि डावी बाजू उजवीपेक्षा किती खाली आहे ते खरोखर मोजलं. मग मला म्हणाले, "बाई, तुमच्या जाऊबाई आजारी आहेत का?"

मी म्हटलं, "गावाला गेल्यात."

"कधी येतील?"

"येतील."

त्यांनी टेप गुंडाळला. चांगला माणूस आहे, पण टेप गुंडाळतानाचा त्यांचा चेहरा बघवत नाही.

तेव्हा माझं काय चुकलं ते कळव. परवा घरी पाहुणे होते, त्यांच्यासाठीही बैठकीच्या खोलीत एक फुलदाणी केली. ती बुटकी होती म्हणून निभावली.

तुझे थोरले दीर विचारतात, तिथली हवा मानवते का? मी म्हटलं, हवेला विचारा.

थोरली


८ मार्च

धाकटे,

"पानं काढा म्हटलं होतं, बेचकी नाही. तुम्ही फांदीची काठी केलीत. काठीला काठी अडकत नाही. पाहुणे कोण होते?"

हे कार्ड यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसले. या घरात त्यांना हसू फुटायला आजकाल तुझ्या कार्डाची वाट बघावी लागते.

तर बेचकं. फांदीला दोन फाटे फुटतात ती जागा. ती मी तासून टाकत होते, कारण फुलांची काडी आपण तशीच गुळगुळीत करतो. सवय. बरं, मग बेचकी ठेवायची ठरवलं, तर बागेत जायचा कंटाळा केला आणि बाजारातून पाला आणला. जुडीतल्या सगळ्या फांद्या सरळ, एका उंचीच्या, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. एकीलाही बेचकं नाही. गळ्याशी एकीत एक अडकवायला जावं तर सुळकन सुटायच्या. म्हणून शेवटी बागेत गेले. तिथे कुंपणाशी लुसलुशीत नवा फुटवा आलेला, दिसायला इतका देखणा की मी तोच कापला. जाळं सुरेख जमलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं, वर जरबेरा. दुपारपर्यंत पाल्यानं मान टाकली आणि त्याच्या आधारानं उभे असलेले जरबेरा हळूहळू खाली बसले. डॉक्टर म्हणाले, "हे असंच असतं का?" मी म्हटलं, "नवी पद्धत आहे." ते बिचारे मान डोलावून आत गेले. त्यांना वाटलं असेल, आपल्याला यातलं कळत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी कात्री न घेता बागेत गेले. नुसती बघायला. इतकी वर्षं तिथून रोज कुणी ना कुणी पाला तोडून आणतं, पण मी नीट कधी बघितलं नव्हतं. तुझ्या कामिनीच्या प्रत्येक फांदीवर एक जुना काप आहे, डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, जरा वर, तिरका. आणि प्रत्येक कापाखाली दोन फाटे. अरेलियाचं तेच. कुंपणाच्या त्या कोपऱ्यातल्या झुडपाचं तर एकात एक, एकात एक, असं जाळंच झालंय. तू सकाळी सकाळी शेंडे खुडत बसायचीस तेव्हा मला वाटायचं, माझ्यावरचा राग काढतेय. तू पुढच्या हंगामाची बेचकी करत होतीस.

हे कधी बोलली का नाहीस? नाही, तू बोलली असशील. मी गिऱ्हाइकांशी बोलत असेन.

मग तुझीच बेचकी कापली. जून, घट्ट, पानं गडद झालेली. रात्रभर बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवली. सकाळी आडव्या फांद्या आधी, बुंधे फुलदाणीच्या समोरच्या भिंतीला टेकवून, मग त्यांच्या बेचक्यांतून उभ्या. फुलदाणी कलती केली. काही हललं नाही. अजून कलती केली, टेबलावर पाणी सांडलं, पण फांद्या जागच्या जागी. मी एकटीच दुकानात "अगं बाई!" असं म्हणाले. हे आतून धावत आले, त्यांना वाटलं, मी पडले.

सभागृहाच्या छोट्या दालनात ती ठेवली. मोजपट्टींनी बोटानं ढकलून पाहिली, खाली वाकून पाहिली, म्हणाले, "जाऊबाई आल्या वाटतं." मी "हो" म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

आता अडचण ऐक. तू गेल्यापासून शेंडे कुणी खुडलेले नाहीत. नवी वाढ सगळी सरळसोट आभाळाकडे गेलीय. मी वापरतेय ती तुझ्या हातची जुनी बेचकी, आणि ती संपत चाललीत. आजपासून मी स्वतः खुडायला लागलेय, पण ते फुटणार कधी आणि जून होणार कधी. एप्रिलपुरती पुरतील असं वाटतं. पुढचं तू आल्यावर बघू.

पाहुणे म्हणजे पाहुणे. काही विशेष नाही.

थोरली


२३ मार्च

धाकटे,

तुला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या बायकोला आपल्या दारात कोण येतं-जातं याखेरीज दुसरं काम नाही.

हो. तीच बाई चहाला आली होती. मी चहा दिला. तूच सांग, काय करायला हवं होतं? भाऊजी सकाळी म्हणाले, "वहिनी, एक ओळखीच्या येणार आहेत, जरा बैठकीत फुलं ठेवाल का?" मी ठेवली. दार उघडलं तेव्हा कळलं, ओळखीच्या म्हणजे कोण. आता दारातल्या बाईला काय तोंडावर दार लावायचं? मी "या" म्हटलं. चहा ओतताना माझ्या हातून एक थेंबही बशीत सांडला नाही हे तुला सांगायला मला आवडलं नसतं, पण नाही सांडला. घर चालवणाऱ्या बाईचा हात अशा वेळी आपोआप चालतो. चहाही चांगला झाला होता, मेला.

हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं की नको, यावर मी विचार केला. नको असं ठरवलं. तुला लागलं असतं. आता न्हाव्याच्या बायकोकडून कळलं म्हणून जास्त लागलं. माझा हिशेब चुकला.

पण तुझी अट मला मान्य नाही. "त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. दुकान तिथून बाहेर काढा, मग बघू." कार्डावर लिहायला सोपं आहे. दुकान म्हणजे काय, या घराची पुढची खोली. भाडं नाही, कुलूप एक, आणि मागचं दार उघडलं की बाग. अख्खं काम त्या बागेवर चालतं, आणि हे मला तूच शिकवलंस, आता दीड महिन्यात, कार्डावरून. दुकान काढलं तर पाला कुठून आणायचा? बाजारातल्या त्या शाळेच्या रांगेतून? बाग काही टेम्पोत घालता येत नाही.

हे घर दोघा भावांचं आहे. तुझ्या नवऱ्याला मी बाहेर काढू शकत नाही. यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "तो धाकटा आहे माझा." एवढंच म्हणाले आणि रेडिओ उघडून बसले. तो रेडिओ त्यांनी गेल्या महिन्यात दुरुस्त केलेला आहे.

मला दोन्हीकडून कात्रीत धरू नकोस. मी तुझी जाऊ आहे, पण या घराची थोरली सूनही आहे.

थोरली


७ एप्रिल

धाकटे,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. माझं लिहिणं जरा तिखट झालं असेल. तरी हे वाच, कारण हे तुला न्हाव्याच्या बायकोकडून कळायला नको आहे.

तुझा नवरा मागच्या आठवड्यात दुकानात आला. कधी येत नाही तो, फुलांनी त्याला शिंका येतात. टेबलाला टेकून म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकट्या किती करणार? त्यांनी फुलं सजवण्याचा कोर्स केलाय. बसतील जरा दुकानात. तुम्हालाही हात लागेल."

त्यांनी म्हणजे कुणी, ते तुला सांगायला नको.

मी काही बोलायच्या आत दुसऱ्या दिवशी त्या बाई हजर. स्वतःचं एप्रन, स्वतःची कात्री, आणि पिशवीत बारीक तारेची जाळी. ती जाळी मुठीत चुरगळून गोळा करायची, फुलदाणीत घालायची, दोऱ्यानं कडेला बांधायची. मग काडी जाळीच्या भोकातून सोडली की उभी. वरून दोन पानं लावली की जाळी दिसत नाही. धुऊन पुन्हा वापरता येते, म्हणून मोजपट्टींचीही हरकत नाही. मी एक फुलदाणी सभागृहात पाठवून बघितली. "चालेल" म्हणाले.

मी तुला खोटं लिहिणार नाही. त्या बाई वाईट नाहीत. मला "ताई" म्हणतात. फरशीवर पडलेली पानं न सांगता उचलतात. रंगांची जाण आहे, कदाचित माझ्याहून बरी. त्यांनी पांढऱ्या लिलीशेजारी काय लावलं माहीत आहे? नको, सांगत नाही, तुला राग येईल. सुंदर होतं एवढंच.

जाताना त्या तुझ्या टोकाच्या स्टुलावर बसल्या आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "ताई, मागच्या बागेत एवढा पाला कशाला लागतो? जाळी असली की दोन-चार पानं पुरतात. तिथे छान बसायला जागा होईल."

त्या गेल्यावर मी त्यांनी केलेली एक फुलदाणी कलती करून पाहिली. काही हललं नाही. माझं काम झालं होतं. एप्रिलची सभा पार पडणार, पुढचं वर्ष आपलं, तुला पत्र लिहायचं कारण संपलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टुलावर बसून रडले. यांनी दारातून पाहिलं आणि गुपचूप मागे फिरले. त्यांना रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते कळत नाही. रेडिओ हाताशी असता तर उघडला असता.

धाकटे, मला आधाराला पाला नको होता. पाल्याचं निमित्त होतं. मला तू हवी आहेस. फुलं कशानंही उभी राहतात, फोमनं राहतात, जाळीनं राहतात. पण गिऱ्हाईक गेल्यावर त्याची नक्कल कोण करणार? मी जास्त गोड बोलायला लागले की टेबलाखालून मला लाथ कोण मारणार? त्या बाईंना मी लाथ मारायला सांगू शकत नाही. त्यांनी मारली तर मी परत मारेन.

हे मला पहिल्या पत्रातच लिहायला जमलं असतं तर बरं झालं असतं. मी मोजपट्टींच्या फोमवरून सुरुवात केली.

थोरली


१६ एप्रिल

धाकटे,

दुकान घरातून बाहेर काढलं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक चष्मेवाला होता, तो म्हातारा झाला आणि मुलाकडे गेला. ती जागा मी घेतली. तीन बाजूंना आरसे आहेत, त्यामुळे आत शिरल्यावर आपण चौघी असल्यासारखं वाटतं. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता अजून आहे. खालची ओळ मला दिसत नाही, पण हे कुणाला सांगू नकोस. मागे सिमेंटचा चौक, नळ चांगला. झाड एकही नाही. रोपटंही नाही.

यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "आणि आपण कुठे राहायचं?"

"इथेच. जेवायचं-झोपायचं इथेच. दुकान तेवढं जातंय."

"तो काय म्हणेल?"

"तुमचा धाकटा आहे. तुम्हीच विचारा."

विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सगळ्या बादल्या एकात एक रचून दाराशी ठेवलेल्या, दोरीनं बांधलेल्या. गाठ इतकी पक्की की सोडवताना नखं मोडली. टेबल त्यांनी आणि टेम्पोवाल्यानं मिळून उचललं. तुझं स्टूल मी स्वतः मांडीवर घेऊन बसले.

तुझ्या नवऱ्यानं मात्र तोंड उघडलं. "वहिनी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांचं तुम्ही नका काढू." इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा उलट बोलले. त्याला शिंक आली, त्यामुळे पुढचं राहिलं.

त्या बाईंना मी नीट बसवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं काही चुकलं का, ताई?" म्हटलं, "कामात काही नाही." त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. वाटू दे. सगळ्यांचंच बरं करत बसले म्हणून तर ही वेळ आली.

बागेतून मी काहीही आणलेलं नाही. उरलेली तुझी बेचकी तशीच झाडावर ठेवली. तोडून आणली असती तर सभेपुरती पुरली असती, मनात आलं होतं. पण मग मी परत त्या मागच्या दारानं आत-बाहेर करत राहिले असते. आज थोडी, उद्या थोडी. मला मी माहीत आहे.

तेव्हा आता माझ्याकडे नळ आहे, आरसे आहेत आणि पाला नाही. सभा अठ्ठावीसला आहे. ये असं मी म्हणत नाही, मी तुला तीन वेळा चुकीच्या घरी बोलावलंय. जागा आहे एवढं सांगते. पत्ता पाकिटावर आहे. या जागेत तुझ्या नवऱ्याचा, माझ्या नवऱ्याचा, कुणाचाही वाटा नाही. दोन किल्ल्या आहेत. दोन्ही माझ्याकडे आहेत, एकीचं मला काम नाही.

थोरली


२८ एप्रिल, दुकानाच्या दारावर

धाकटे,

चिठ्ठी दाराला चिकटवतेय, कारण मला सभागृहात परत जावं लागतंय आणि तुझी बस कधी पोचेल ते तू लिहिलेलं नाहीस. तुझं कार्ड मिळालं. "नर्सरीतला पाला मी घेऊन येते. जून, बेचक्यांचा. मी पोचेपर्यंत तुम्ही एकही फांदी लावू नका." नेहमीप्रमाणे ना नमस्कार, ना खुशाली. मी ते चार वेळा वाचलं.

किल्ली शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. त्याला सांगितलंय, हातात पाला असलेली आणि चेहऱ्यावर भांडण असलेली बाई येईल. आत शिरल्यावर आरशांना दचकू नकोस. पाणी पी, मग रिक्षा कर आणि मागच्या दारानं स्टेजवर ये.

फुलं मी दुपारीच तिकडे नेलीत, बादल्यांतच आहेत. फुलदाण्या स्टेजवर धुऊन, पाणी भरून ठेवल्यात. त्यात मी काही लावलेलं नाही. त्या बाईंनी सकाळी चष्मेवाल्याच्या पत्त्यावर जाळी पाठवली होती, सोबत "लागली तर" असं लिहून. मनानं चांगल्या आहेत. जाळी मी परत पाठवली.

मोजपट्टींचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा म्हणाले, "बाई, खुर्च्या लावून झाल्या." दुसऱ्यांदा म्हणाले, "बाई, लोक यायला लागलेत आणि तुमच्या फुलदाण्या रिकाम्या आहेत. कशाची वाट बघताय?"

मी म्हटलं, "जाऊबाई आल्यात असं मी तुम्हाला मागे सांगितलं होतं, ते खोटं होतं. आज यायच्या आहेत."

ते मग म्हणाले, "मी पडदा जरा उशिरा उघडतो."